सार्वजनिक पैशाचा जमाखर्च



वसंत व्याख्यानमाला म्हटली की काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे काही ऐकावयास मिळेल ह्या अपेक्षेने मंडळी येतात. तेथे जमाखर्चाची वही काखेत मारून उभा राहिलेला वक्ता म्हणजे पंगत बसली असता बिल घेऊन दारात आलेला आचारी! परंतु पुण्यात १८७५ साली ही प्रथा सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे स्वतः अर्थशास्त्राचे व्यासंगी होते. तेव्हा हिशेबाचा विषय ह्या व्यासपीठाला अगदीच परका नाही, एवढा आधार घेऊन मी बोलतो.

माझा विषय दुकानाचा किंवा कंपनीचा जमाखर्च हा नव्हे. वाचनालय, शिक्षणसंस्था, देवस्थान, गणेशोत्सव मंडळ, व्यायामशाळा, महिला मंडळ अशा ज्या संस्थांना मालक नसतो त्यांचा जमाखर्च, हा माझा विषय आहे. दुकानदाराने वही नीट ठेवली नाही तर त्याचेच नुकसान होते. त्यामुळे रात्री दिवा लावून का होईना, तो रोजकीर्द लिहितो. संस्थेत असे पोटतिडिकीने पाहणारे कोणी नसते. देणारा देऊन मोकळा होतो, घेणारा सेवाभावाने घेतो, आणि ज्याच्यासाठी घेतले त्या गरजू माणसाला किती आले हे विचारण्याची सोय नसते. म्हणून मालकाची गादी जेथे रिकामी आहे तेथे वहीलाच त्या गादीवर बसवावे लागते.

ह्या गोष्टीचा एक फार जुना दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. वैनगंगेच्या काठच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते ह्यांनी उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली एक मोठा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडी कामावर ब्राह्मी लिपीत दात्यांचे लेख कोरलेले सापडले. ज्याने दान दिले त्याचे नाव त्या दानातून उभ्या राहिलेल्या दगडावर. दोन हजार वर्षांपूर्वीची ही पावतीच म्हणावयाची, आणि आजच्या कित्येक पावत्यांपेक्षा ती सरस आहे. आपल्या पावतीवर नाव, रक्कम आणि तारीख एवढेच असते. पैसा कशासाठी दिला आणि तो त्याच कामी लागला की नाही, ह्याविषयी ती मौन पाळते. पवनीच्या दगडावर देणगी आणि तिचा विनियोग एकाच ठिकाणी वाचता येतो.

सार्वजनिक संस्थेच्या जमाखर्चाचे सारे मर्म मला ह्यात दिसते. संस्थेच्या पेटीत पडणारा प्रत्येक रुपया सारखा दिसतो, पण सारखा नसतो. वर्गणीचा रुपया वेगळा, इमारतीसाठी आलेला वेगळा, सरकारी अनुदानाचा वेगळा, कोणा मातोश्रींच्या स्मरणार्थ बक्षिसासाठी ठेवलेला वेगळा. प्रत्येकाबरोबर देणाऱ्याचा एक शब्द आलेला असतो. पेटीला तो कळत नाही. वहीला तो कळलाच पाहिजे.

उदाहरण घेऊ. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेला पूर आपणां सर्वांच्या आठवणीत आहे. भंडारा शहराच्या वस्त्यांत, पवनी-लाखांदूरकडच्या गावांत पाणी शिरले. अशा प्रसंगी आपल्या गावोगावची मंडळे धावून जातात. समजा, एका वाचनालयाने पूरग्रस्तांसाठी एक लाख रुपये जमविले. धान्य, चादरी, भांडी ह्यांवर सत्तर हजार खर्च झाले. पाणी ओसरले, माणसे घरी गेली, तीस हजार शिल्लक राहिले. इकडे वाचनालयाचे छप्पर गळत होते. कार्यकारी मंडळाने त्या तीस हजारांत कौले बदलली. कोणी एक पैसा घरी नेला नाही. छप्परही जरुरीचेच होते. तरीदेखील माझ्या मते येथे शब्द मोडला गेला, कारण देणाऱ्याने पैसे दिले होते ते पुरात संसार वाहून गेलेल्या माणसाला.

मग करावयाचे काय? ते तीस हजार ‘पूरग्रस्त साहाय्य निधी’ म्हणून ताळेबंदाच्या देणे बाजूला वेगळे दाखवावयाचे. संस्थेला अगदी निकड असली तर रीतसर ठराव करून त्या निधीतून उसने घेतल्याची नोंद करावयाची आणि ते फेडावयाचे. आणि ज्या हेतूसाठी पैसे आले तो हेतूच उरला नाही, तर कायद्याने त्यासाठीही वाट ठेवली आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातील कलम ५५ हे अशाच शिल्लक पैशासंबंधी आहे. मूळ हेतूला जवळच्या अशा दुसऱ्या हेतूकडे तो कसा वळवावा ह्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे जाता येते. आपल्या मंडळींना हा मार्ग ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असून लांबचा वाटतो. छप्पर जवळ असते.

आता ह्या कायद्याविषयी थोडेसे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला भंडारा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता, आणि त्या राज्याचा १९५१ चा स्वतंत्र कायदा होता. राज्यपुनर्रचनेनंतर आपण मुंबई राज्यात आलो आणि पुढे मुंबईचा १९५० चा कायदा विदर्भालाही लागू झाला. आज त्याचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम असे आहे. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय हेतूची संस्था आपल्या राज्यात ह्या कायद्याखालीही नोंदवावी लागते, म्हणून कित्येक संस्थांच्या पत्रांवर दोन-दोन नोंदणी क्रमांक दिसतात.

ह्या कायद्याच्या नियमांना जोडलेले दोन तक्ते, ताळेबंदाचा आठवा आणि उत्पन्न-खर्चाचा नववा, मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. लोक त्यांना सरकारी कटकट समजतात. मला मात्र ते रचणाऱ्याचे कौतुक वाटते, कारण त्याने माणूस ओळखला होता. ताळेबंदात रोख शिलकेपाशी तो नुसते ‘हातची शिल्लक’ लिहू देत नाही. विश्वस्ताजवळ किती आणि व्यवस्थापकाजवळ किती, असे विचारतो. निधीच्या बाजूला आधी कायम निधी आणि त्याखाली विशिष्ट हेतूचे इतर निधी निराळे मागतो. नवव्या तक्त्यात आस्थापनेचा खर्च वेगळा आणि संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च वेगळा: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, दारिद्र्यनिवारण आणि इतर. ही विभागणी प्रामाणिकपणे भरली तर संस्था उद्दिष्टासाठी जगते की स्वतःच्या कचेरीसाठी, हे एका पानावर उघडे पडते. आणि म्हणूनच ती पुष्कळदा प्रामाणिकपणे भरली जात नाही! सारा खर्च ‘शैक्षणिक’ ह्या एका ओळीत कोंबलेला मी पाहिला आहे. त्यात सत्काराच्या शालीही होत्या.

दुसरा घोळ होतो तो रोख आणि उत्पन्न ह्यांच्यात. पेटीत आले ते उत्पन्न आणि पेटीतून गेले तो खर्च, असे बहुतेक चिटणीस धरून चालतात. पण धान पिकविणाऱ्या जिल्ह्याला हा भेद समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. खरेदी केंद्रावर धान मोजून दिले, काट्याची पावती हाती आली, आणि चुकारे मात्र आले नाहीत, तर शेतकरी ‘माझे धान विकले गेले नाही’ असे म्हणतो काय? तो म्हणतो, ‘माझे येणे आहे’. आणि खताच्या दुकानाची उधारी फेडली नसली म्हणून शेतीला खर्च आला नाही असेही तो समजत नाही. घरच्या हिशेबात जे शहाणपण आहे ते संस्थेच्या दारात चपलांबरोबर बाहेर राहते. एखाद्या वाचनालयाच्या बँकपुस्तकात मार्चअखेर चाळीस हजार शिल्लक दिसते आणि सभेत समाधान व्यक्त होते. ग्रंथपालाचा सहा महिन्यांचा पगार थकला आहे, हे त्या चाळीस हजारांत कोठेच दिसत नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मिळणारे अनुदान हप्त्यांनी येते आणि पगार दर महिन्याला चढतो. येणे आणि देणे दोन्ही लिहिल्याशिवाय त्या वाचनालयाची खरी स्थिती त्या ग्रंथपालाच्या बायकोखेरीज कोणालाच कळावयाची नाही.

घसारा हा शब्दही असाच. चिटणीस विचारतात, ‘आम्हांला नफा काढावयाचा नाही, मग घसारा कशाला?’ त्यांना मी आपल्या मामा तलावांकडे पाहावयास सांगतो. हे माजी मालगुजारी तलाव कोहळी मंडळींच्या कौशल्याने बांधले गेले आणि मालगुजारांच्या काळात गावाच्या देखरेखीखाली राहिले. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि त्यांची पूर्वीसारखी निगा राखली गेली नाही. दरवर्षी थोडा गाळ बसला. कागदावर तलावाचे क्षेत्र तेवढेच राहिले, पाणी मात्र कमी मावू लागले. संस्थेच्या इमारतीत, बाकांत, संगणकात असाच दरवर्षी गाळ बसतो. तो वहीत दाखविला नाही तर ताळेबंदात वीस वर्षांपूर्वीची मालमत्ता दिमाखाने उभी असते आणि प्रत्यक्षात तिच्यावर पावसाचे पाणी गळत असते. घसारा लिहिल्याने पैसा उभा राहत नाही हे खरे. त्याच्या जोडीला दुरुस्तीचा निधी बाजूला काढला तरच उपयोग. येथे एक सूक्ष्म भेद सांगून ठेवतो: मालमत्तेच्या खरेदीची रक्कम प्राप्तिकरासाठी उद्दिष्टावरचा खर्च म्हणून एकदा धरली असेल, तर तिचाच घसारा पुन्हा करासाठी धरता येत नाही. पण कराचे गणित निराळे आणि संस्थेचे आरोग्य निराळे. कर खाते मान्य करीत नाही म्हणून छप्पर गळावयाचे थांबत नाही.

प्राप्तिकराचा उल्लेख निघालाच आहे तर मार्च महिन्यातल्या एका गमतीविषयी बोलतो. उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च झाले पाहिजेत हा नियम बहुतेकांना ऐकून माहीत असतो. त्यामुळे वर्षभर मुठी आवळून बसलेल्या संस्था मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खुर्च्या विकत घेत सुटतात! वास्तविक विशिष्ट हेतू वेळेत कळवून पाच वर्षांपर्यंत पैसा साठविण्याची मुभा कायद्यात आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे; कलमांचे आकडे त्याने बदलले, पण हे सूत्र तसेच ठेवले. खुर्च्यांचे ढीग लागतात ते अर्थसंकल्प न केल्यामुळे.

कायम निधीसंबंधी एक जुना वाद आहे, त्यावर थोडे थांबतो. गांधीजी २२ ऑगस्ट १८९४ रोजी स्थापन झालेल्या नाताळ इंडियन काँग्रेसचे चिटणीस होते. वर्गणी देणारे पावती मागत नसत. हे तरुण बॅरिस्टर मात्र आग्रहाने देत. पुढे आत्मकथेत त्यांनी लिहिले आहे की त्या १८९४ सालच्या वह्या आजही शाबूत सापडतील. चोख हिशेबावाचून सत्य निर्मळ राखता येत नाही, ही त्यांची धारणा तेथलीच. पण त्याच आत्मकथेत ते आणखी पुढे जातात. सार्वजनिक संस्थेने कायम निधीच्या व्याजावर जगू नये, असे ते म्हणतात. कारण मग तिला लोकांची पर्वा राहत नाही. लोकांना संस्था नको झाली तर वर्गणी आटेल आणि ती बंद पडेल, हे त्यांना योग्यच वाटत होते. इमारतीवाचून जिचे चालणारच नाही अशा संस्थेचा अपवाद त्यांनी केला, पण चालू खर्च मात्र त्या त्या वर्षीच्या लोकवर्गणीतूनच भागावा असा त्यांचा दंडक होता.

विदर्भातल्या, सेवाग्रामच्या शेजारच्या माणसाने गांधीजींशी मतभेद दाखविणे धाडसाचे आहे. तरी मला वाटते, त्यांचे निदान बरोबर असले तरी औषध प्रत्येक रोग्याला मानवणारे नाही. ज्या गावात रोवणीच्या हंगामात कोणाच्याही हाती पैसा नसतो तेथे वाचनालयाने आषाढ-श्रावणात दार बंद करावे काय? कायम निधी असावा, पण त्याच्या व्याजाचा विनियोग वर्षाच्या सभेत ओळीनिशी वाचून दाखविला जावा, म्हणजे गांधीजींची भीती बरीचशी दूर होईल. व्याज मुकाट्याने आले आणि मुकाट्याने गेले, तर मात्र त्यांचेच म्हणणे खरे ठरते.

आता एक कठीण गोष्ट. एका संस्थेचे कोषाध्यक्ष शिक्षक होते. संस्थेचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. त्यांच्या सचोटीविषयी शत्रूलाही शंका नव्हती. सारा हिशेब त्यांच्या स्मरणात असे. बँकेतले खाते संस्थेच्या नावाने उघडावयाचे तर ठराव, सह्या, कागदपत्रे; त्यापेक्षा सोपे म्हणून तीन मुदत ठेवी त्यांनी स्वतःच्या नावाने ठेवल्या, आणि हे कार्यकारी मंडळाला तोंडी माहीत होते. गुरुजी अचानक वारले. ठेवी कायद्याने वारसांच्या झाल्या. मुलांना त्या वडिलांच्या बचतीच्या वाटल्या, संस्थेला स्वतःच्या. दोघेही प्रामाणिकपणे बोलत होते आणि कागद एकही नव्हता. तेराव्यापर्यंत गावात दोन तट पडले. जन्मभर ज्याने दुसऱ्याच्या पैशाला हात लावला नाही त्याच्या नावाची चर्चा पानठेल्यावर झाली, आणि उत्तर द्यावयाला तो नव्हता. वहीची गरज प्रामाणिक माणसालाच अधिक असते. अप्रामाणिक माणसाला ती नसलेलीच बरी वाटते.

पैसा कोठे ठेवावा हेही कायदा सांगतो. कलम ३५ प्रमाणे अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, सरकारी रोखे अशी ठिकाणे ठरलेली आहेत. एक-दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून परवानगीवाचून पतसंस्थेत निधी ठेवणे हा आपल्याकडचा मोह आहे. पतसंस्था चालली तोवर कोणी काही म्हणत नाही. ती बुडाली की विश्वस्तांच्या घरावर जबाबदारी येते.

व्यवसायातील माझ्या बंधूंशी आता दोन शब्द. सनदी लेखापालांच्या संस्थेने आपल्या लेखामानकांबाबत असा निर्वाळा दिला आहे की ज्या संस्थेचे काम मुळीच व्यापारी स्वरूपाचे नाही तिला ती मानके सक्तीची नाहीत. त्यासाठी दिलेले उदाहरण गमतीने पाहण्यासारखे आहे: देणग्या जमवून पूरग्रस्तांना देणे! परंतु कामाचा लहानसा भागही व्यापारी असेल तर मानके साऱ्या संस्थेला लागू होतात, नुसत्या त्या भागाला नव्हे. सभागृह लग्नाला भाड्याने देणाऱ्या संस्थेने हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. सवलत शोधण्यात बुद्धी खर्च करण्याऐवजी मानकांतला सोपा, उपयोगी भाग सर्वांनीच पाळावा असे माझे मत आहे: येणे-देणे लिहिणे, हिशेबाची पद्धत दरवर्षी न बदलणे, बदलली तर तसे सांगणे. लहान संस्थेला ह्याहून जास्त ओझे मी घालणार नाही.

पण तपासनिसाचे ओझे मात्र मी हलके करणार नाही. नियम १९ त्याला विचारतो: तपासणीच्या दिवशी व्यवस्थापकाजवळची रोकड आणि प्रमाणके वहीशी जुळली काय? पाच हजारांवरच्या दुरुस्तीला किंवा बांधकामाला निविदा मागविल्या काय? एखादा विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे काय? जंगम आणि स्थावर मालमत्तेचे पुस्तक आहे काय? ह्या प्रश्नांना कचेरीत बसून ‘होय’ लिहिणे सोपे आहे. पिशवीतून कागद येतात, चहा येतो, सही होते. रोकड मोजावयाची तर मोहाडीला किंवा लाखनीला जावे लागते, आणि संस्थेकडून मिळणाऱ्या फीत बसभाडेही सुटत नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा फी वाढवून मागावी, किंवा धर्मार्थ काम म्हणून विनामूल्य करावे. न मोजता ‘मोजली’ असे मात्र लिहू नये.

वस्तुरूप देणगी हा विषय राहिलाच. भंडाऱ्याची पितळेची भांडी प्रसिद्ध. देवस्थानाला समई येते, घंटा येते, शाळेला हंडे येतात. ह्यांची नोंद रोजकीर्दीत होत नाही, कारण पैसा हलत नाही. म्हणून त्यांचे स्वतंत्र पुस्तक हवे: कोणी दिले, केव्हा, वजन किती, आज कोठे आहे. वजन लिहिणे विसरू नका. दहा किलोची घंटा दहा वर्षांत सहा किलोची झाल्याचे चमत्कार त्यामुळे कमी होतात.

शेवटी सभासदांसाठी. वार्षिक सभेत ‘हिशेब वाचलेला आहे असे समजून मंजूर’ हा ठराव येतो, तेव्हा कोणीतरी उठून तीन गोष्टी विचाराव्यात. विशिष्ट हेतूसाठी आलेला कोणता पैसा अजून शिल्लक आहे आणि तो कोणत्या खात्यात आहे? कोणाचे देणे थकले आहे? पावतीपुस्तके किती छापली, किती वापरली, आणि उरलेली कोणाच्या ताब्यात आहेत? तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ लागतो असा माझा अनुभव आहे, कारण गणपतीच्या वर्गणीला मुले जी पुस्तके घेऊन गेलेली असतात त्यांतली दोन-तीन अजून कोणाच्या तरी घरच्या फडताळात असतात. ती परत आणवावीत, कोऱ्या पावत्यांवर आडवी रेघ मारून स्थळप्रतींबरोबर बांधून ठेवावीत, आणि मगच हिशेबावर सही करावी.